खांब वर जात नसतात

३ फेब्रुवारी

दोन वर्षांनी वही उघडली. निवृत्तीच्या दिवशी लिहिलेल्या पानावर शेवटचं वाक्य आहे, ‘आता निवांत.’ ते आधी खोडलं.

सकाळी दुर्गाबाईंनी खाली बोलावलं. त्या आमच्या सोसायटीचे जिने झाडतात आणि पूर्वेच्या कुंपणभिंतीला लागून असलेल्या एका खोलीत राहतात. खोलीच्या कोपऱ्यात भेग पडलीये, वरून खाली तिरकी. “परवा केसाएवढी होती ताई,” त्या म्हणाल्या. आज त्यात माझं नख जातं. पहिल्या मजल्यावरच्या दिगंबररावांच्या खिडकीलाही तशीच तिरकी भेग आहे.

भिंतीपलीकडे बंगला पाडून टॉवरचं खोदकाम चालू आहे. तीन मजली पार्किंग जमिनीखाली जाणार. खड्ड्यातलं पाणी उपसायला पंप दिवसरात्र चालतात.

संध्याकाळी अध्यक्ष दत्तप्रसाद तिथल्या साइट इंजिनिअरला, इंद्रजीतला, घेऊन आला. बिल्डर आमच्या सगळ्या भेगा बुजवून देणार, वीसही फ्लॅटना बाहेरून रंग देणार. बदल्यात सोसायटीने लिहून द्यायचं की खोदकामाबद्दल आमची काही तक्रार नाही.

मी विचारलं, “इमारत खचते आहे की नाही, हे मोजलंत का?”

इंद्रजीत म्हणाला, “मॅडम, प्लॅस्टरच्या भेगा आहेत. तीस-पस्तीस वर्षांच्या बिल्डिंगला येतातच.”

“मोजलंत का, असं विचारलं मी.”

“काकू, रंग फुकट मिळतोय,” दत्तप्रसाद म्हणाला. याला मी शाळेच्या गणवेशात पाहिलंय. आता आयटीत मॅनेजर आहे, फ्लॅट विकून मेलबर्नला निघालाय, आणि सगळ्याच गोष्टींची घाई असते त्याला. या पत्राची एवढी घाई का, ते मात्र मला कळलं नाही.

मी सांगितलं, मी एकतीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये सर्वेक्षण शिकवलंय. मोजल्याशिवाय या पत्रावर माझी सही होणार नाही, आणि तुम्ही केलीत तर मी महापालिकेत जाईन. शेवटी २३ मार्चपर्यंत मुदत मिळाली.

मला या वयात कसलीही हौस नाही. पण माळ्यावरून लेव्हलची, म्हणजे मोजणीच्या दुर्बिणीची, पेटी काढून, पुसून, टेबलावर ठेवली आहे.

५ फेब्रुवारी

उल्का आली होती. माझी विद्यार्थिनी, आता पूल आणि बोगद्यांच्या मोजमापाचं काम करते. मोठी झाली आहे, पण माझ्यासमोर अजून खुर्चीच्या कडेवर बसते.

पद्धत कोणती, यावर दोन तास वाद घातला. भेगेवर काचेची पट्टी चिकटवायची, ती तडकली की समजायचं भेग वाढली: हे सोपं, पण इमारत किती आणि कुठे खचली ते त्यातून कळत नाही. जिन्याच्या पोकळीत ओळंबा सोडायचा: झुकली तर कळेल, सरळ खाली बसली तर नाही. भिंतींवर आरसे लावून टोटल स्टेशनने मोजायचं: उल्काला ते हवं होतं. कोन आणि अंतर दोन्ही मिळतं, वरचा मजला कुठे सरकला तेही कळतं. झुकाव मोजणारे सेन्सर तर दर तासाला फोनवर आकडा पाठवतात म्हणे.

मी म्हटलं, मला एकच प्रश्न आहे: खांब खाली जातायत का? त्याला लेव्हलसारखी पद्धत नाही. तिपाईवर दुर्बीण ठेवायची, तिची नजर आडव्या रेषेत राहते. समोर खांबावरच्या खुणेवर आकड्यांची उभी पट्टी, म्हणजे स्टाफ, धरायचा. दर आठवड्याला तोच आकडा वाचायचा आणि न हलणाऱ्या एका खुणेवरच्या आकड्याशी ताडायचा. मिलिमीटरचा दहावा भाग कळतो, आणि मी एकटी करू शकते. स्टाफ धरायला एक माणूस पुरे.

“लेव्हल चालेल मॅडम,” उल्का म्हणाली. “पण ज्या खुणेवरून मोजणार, ती लांब हवी. खड्डा बारा मीटर खोल जाणार, त्याच्या तिप्पट तरी लांब. आणि एक नको, दोन-तीन हव्यात, एकमेकींना तपासायला.”

मी म्हटलं, “मारुतीच्या देवळाचं जोतं आहे ना रस्त्याला. अखंड दगड. साठ वर्षांत हललेलं नाही.”

“खड्ड्यापासून वीस मीटरवर आहे ते.”

“उल्का, मी तुला शिकवलंय.”

तिने गाडीतून चांगला स्टाफ काढून दिला आणि गेली. खरं सांगायचं तर लांबची खूण म्हणजे बिबवेवाडीच्या रहदारीतून दर शनिवारी अडीचशे मीटर लेव्हल नेत नेत यायचं. माझे गुडघे त्याला तयार नाहीत. पण हे तिला सांगण्याचं कारण नव्हतं.

८ फेब्रुवारी

पहिली मोजणी, देवळाच्या जोत्यावरच्या खुणेवरून. पूर्वेच्या चार आणि पश्चिमेच्या चार खांबांमध्ये गोल डोक्याचे बोल्ट बसवले. मधल्या रांगेला गाड्या टेकलेल्या असतात, ती सोडली. सकाळी सातला सुरुवात, ऊन यायच्या आत संपवलं.

स्टाफ दुर्गाबाईंनी धरला. मीच विचारलं. त्या हिंगोलीकडच्या, शाळा चौथीपर्यंत, पण हात स्थिर आहे. स्टाफच्या पाठीला एक बुडबुडा असतो, तो गोलाच्या मध्ये आला की स्टाफ सरळ. एकदा सांगितलं, पुन्हा सांगावं लागलं नाही. माझ्या किती बॅचेसबद्दल असं म्हणता आलं असतं?

१५ फेब्रुवारी

पूर्वेची रांग: बदल ०.१. म्हणजे काही नाही.
पश्चिमेची रांग: ०.४ मिलिमीटर वर. म्हणजे आमची चूक. इमारती वर जात नाहीत.

दुर्गाबाई सांगत होत्या, देवळाच्या गाभाऱ्याचं दार खाली घासतंय, गुरव सुतार शोधतोय, तुमच्या ओळखीचा कुणी आहे का. मी म्हटलं, मोजताना बोलू नका.

२२ फेब्रुवारी

पूर्व: ०.०. पश्चिम: ०.९ वर.

आज मी दुर्गाबाईंना बोलले. “स्टाफ तिरपा धरताय तुम्ही पश्चिमेला. लक्ष कुठे असतं?”

“सरळच धरलं होतं ताई. बुडबुडा मधी होता.”

“मग काय खांब उगवतायत?”

पुन्हा तीनदा धरायला लावलं. तीनदा तोच आकडा आला. म्हणजे तीनदा तीच चूक.

१ मार्च

पूर्व: ०.१. पश्चिम: १.५ वर.

पहिलं पत्रक फलकावर लावलं. पूर्वेचे चार खांब, तीन आठवडे, ‘बदल नाही’. पश्चिमेचे आकडे घातले नाहीत. खड्डा पूर्वेला आहे, प्रश्न पूर्वेचा आहे, आणि चुकीचे आकडे लावून लोकांचा गोंधळ उडवण्यात अर्थ नाही.

मनातून मला वाटलं होतं की पूर्व खचलेली निघेल. निघाली नाही. तरी मी ते लावलं. स्वतःच्या विरुद्ध जाणारा आकडा लावायला धमक लागते, हे दत्तप्रसादला कळणार नाही.

५ मार्च

बिल्डरचा माणूस टोटल स्टेशन घेऊन आला. खड्ड्याच्या काठावरच तिपाई लावली, दोन तास मोजलं, गेला. संध्याकाळी अहवाल: इमारत स्थिर.

मी इंद्रजीतला भिंतीवरून विचारलं, “आधीची मोजणी कधीची?”

“आधीची नाही मॅडम.”

“मग स्थिर कशाशी तुलना करून? एकदाच काढतात त्याला फोटो म्हणतात. आणि तुमची तिपाईच खड्ड्याच्या काठावर. जी जमीन हलते का बघायची, तिच्यावरच उभं राहून बघताय.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या डोळ्यांत मला जरा मजा दिसली, का कोण जाणे. मग म्हणाला, “मॅडम, तुमच्या पत्रकातही तेच आलंय ना.”

८ मार्च

पूर्व: ०.०. पश्चिम: २.२ वर.

मी आज आवाज चढवला. दुर्गाबाईंनी स्टाफ भिंतीला टेकवून ठेवला, पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, “पुढच्या शनवारी दुसरं माणूस बघा ताई.”

१५ मार्च

दुसरं माणूस म्हणजे दिगंबरराव. वय एक्क्याऐंशी, महालेखापाल कार्यालयातून निवृत्त. “विजयमालाबाई, आयुष्यभर मी इतरांच्या चुका धरल्या, आता काठी धरतो,” म्हणाले. हात थरथरतो. दुर्बिणीत आकडा वर-खाली नाचत होता. प्रत्येक नाचातला सगळ्यात लहान आकडा मी घेत गेले, तो बरोबर असतो.

पूर्व: ०.१. पश्चिम: ३.० वर.

दुपारी दत्तप्रसादने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: ‘काकूंच्याच मोजणीने सिद्ध झालं आहे की आपली बिल्डिंग सेफ आहे. रविवारी २३ला सह्या.’ खाली अंगठेच अंगठे. माझ्या आकड्यांना इतके अंगठे कधी मिळाले नव्हते.

१७ मार्च

सकाळी भाजी निवडताना हात थांबला.

स्टाफ तिरपा झाला तर आकडा वाढतो. डावीकडे झुकवा, उजवीकडे झुकवा, वाढतोच. सरळ असतो तेव्हाच सगळ्यात लहान. परवा दिगंबररावांच्या हातात तेच तर बघत होते मी. आकडा वाढला की खांब खाली गेल्यासारखा दिसतो. पश्चिमेचा दुर्बिणीतला आकडा दर आठवड्याला कमी होत होता, म्हणूनच खांब वर दिसत होते. स्टाफ तिरपा धरून हे घडवताच येत नाही. जगात कुणालाही नाही. दुर्गाबाईंना तर नाहीच.

हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं.

मग पश्चिमेचे खांब वर का दिसतात? खांब वर जात नसतात. ज्या खुणेवरून मी त्यांना मोजते ती खाली जाते आहे. देऊळ खाली जातंय. आणि पूर्वेची रांग देवळाबरोबर तितकीच खाली जातेय, म्हणून ‘बदल नाही’. शेजारी शेजारी बसलेल्या दोन बायकांना घेऊन होडी बुडत होती आणि मी त्यातल्या एकीला विचारत होते, दुसरी हलली का?

भाजी तशीच टाकून देवळात गेले. गाभाऱ्याचं दार अर्धवटच उघडतं. गुरव म्हणाला, महिनाभर झाला. वर म्हणाला, “आजोबा सांगायचे, देवळामागून ओढा होता, तुमच्या सोसायटीच्या त्या कडेने खाली जायचा. भराव टाकून बुजवला.” त्या भरावातलं पाणी आता पंप ओढून घेतायत, आणि भराव खाली बसतोय.

तीन मिलिमीटर. पाच आठवड्यांत. आणि मी ‘बदल नाही’ असं लिहून, खाली सही करून, फलकावर लावलंय.

१८ मार्च

दुर्गाबाई दुसऱ्या मजल्याचा जिना झाडत होत्या. मी म्हटलं, “चूक माझी होती. तुम्ही स्टाफ सरळच धरत होतात.”

त्या झाडत राहिल्या. मग म्हणाल्या, “ते मला माहीत होतं. तुम्हाला आज कळलं.”

एवढंच. मला वाटलं होतं, माफी मागितली की हलकं वाटेल.

उल्काला फोन केला. ‘मी म्हटलं होतं’ असं ती म्हणाली नाही. म्हणाली, “गुरुवारी सकाळी येते. टोटल स्टेशनही आणते. लेव्हलने खचणं मोजू, टोटल स्टेशनने वरचे मजले खड्ड्याकडे झुकतायत का ते बघू, आणि कुंपणभिंतीवर झुकावाचा सेन्सर लावू. एकच पद्धत सगळं सांगत नाही, मॅडम.”

मी हो म्हटलं. सगळ्याला हो म्हटलं.

२० मार्च

दोन नव्या खुणा. एक गल्लीच्या वरच्या टोकाला, डोंगराच्या उघड्या काळ्या खडकात. दुसरी विरुद्ध बाजूला, जुन्या शाळेच्या जोत्यात. दोन्ही दोनशे मीटरपलीकडे. रिक्षा, टेम्पो, दुधाच्या गाड्या यांच्यामधून लेव्हल नेत आणली. एका स्कूटरवाल्याने विचारलं, “काकू, रस्ता रुंद होणार का?” गुडघे सुजले आहेत. सुजू देत.

२३ मार्च

सभा. वीस फ्लॅट, अठरा हजर. मी उभी राहिले आणि म्हटलं, “फलकावर लावलेलं माझं पत्रक चुकीचं आहे. खूण खचत होती. शिवाय पश्चिमेचे आकडे मी तुमच्यापासून लपवले. चुकीचे वाटले म्हणून. तेच एकटे खरं सांगत होते.” सगळं समजावलं. देऊळ, ओढा, पंप.

दत्तप्रसाद म्हणाला, “काकू, हवा तसा आकडा आला नाही की खूण बदलायची, असं चालतं का तुमच्या शास्त्रात?”

लोक हसले. हसण्याजोगंच होतं.

“नव्या खुणांवरून काय येतंय?” कुणीतरी विचारलं.

“तीनच दिवस झालेत. तीन दिवसांत खात्रीने सांगता येणार नाही.”

“म्हणजे पुरावा नाही.”

“आठ दिवस थांबा.”

दिगंबरराव म्हणाले, “स्वतःची चूक स्वतः उठून सांगणारा माणूस मी नोकरीत छत्तीस वर्षांत एकही पाहिला नाही. मला वाटतं, आठ दिवस थांबायला हरकत नसावी. रंग काही वाळून जात नाही.”

थांबले नाहीत. तेरा सह्या झाल्या. उरलेल्या पाचांत एक मी, एक दिगंबरराव.

जिन्यात दत्तप्रसाद भेटला. आवाज खाली आणून म्हणाला, “काकू, घेणारा माणूस तयार आहे. तक्रार चालू असलेल्या बिल्डिंगमध्ये कोण घेईल? माझी तिकिटं आहेत मेमध्ये.”

अच्छा. हे होतं तर. मी म्हटलं, “मग त्या घेणाऱ्या माणसाला मोजून देते. फुकट.”

पत्र गेलं तर जाऊ दे. पत्रावर माझी सही नाही, आणि लेव्हल माझी आहे.

२९ मार्च

नऊ दिवसांत, खडकाच्या खुणेवरून:
पूर्व रांग १.१ खाली. देऊळ १.० खाली. पश्चिम ०.०.
शाळेच्या खुणेवरूनही तेच. दोन्ही खुणा एकमेकींशी जुळतात. कुंपणभिंत खड्ड्याकडे झुकते आहे, रोज थोडी थोडी.

आता पुरावा आहे.

पत्रकावर आठही खांब, देऊळ, दोन्ही खुणा, सगळं लावलं. जुनं चुकीचं पत्रकही शेजारीच राहू दिलं, लाल शाईने तारीख टाकून. मग कुंपणभिंतीच्या कडेची पार्किंगची पट्टी दोरी बांधून बंद केली. तिथे सहा गाड्या लागतात. सहा फोन आले. सहा जणांना सांगितलं: गाडी लावायची तर दोरी स्वतःच्या हाताने सोडा, मी सोडणार नाही.

दुर्गाबाईंना म्हटलं, खोली आजच्या आज सोडा, माझ्याकडे वर या. माझा फ्लॅट पश्चिमेला आहे.

“मागं बी पक्कंच सांगितलं होतं तुम्ही,” त्या म्हणाल्या.

मी लेव्हल पुन्हा लावली, त्यांना दुर्बिणीशी उभं केलं आणि स्टाफ घेऊन मी खांबाकडे गेले. वीस तारखेचा आकडा वहीत दाखवला. “तुम्ही वाचा. मी काही सांगत नाही.” त्यांनी डोळा लावला. खूप वेळ लावला. आकडा वाचला, वहीत बघितलं, पुन्हा वाचला. मग पश्चिमेच्या खांबाचाही त्यांनीच वाचला. तो होता तिथेच होता.

तासाभरात ट्रंक, शेगडी आणि देवांचा डबा घेऊन वर आल्या. माझ्या शब्दावर आल्या नाहीत, स्वतः वाचलेल्या आकड्यावर आल्या. मला ते जास्त आवडलं.

१ एप्रिल

महापालिकेच्या बांधकाम विभागात अर्ज, आकडे, नकाशा, सगळं दिलं. तिथल्या तरुण इंजिनिअरने नीट वाचलं. म्हणाला, “यात तुमचंच जुनं पत्रक जोडलंय, ‘बदल नाही’ असं.”

“हो. मी काय चुकले तेही तुम्हाला कळायला हवं.”

त्याने सोमवारी पाहणीला येतो म्हणून सांगितलं.

घरी आले तर दोरी सुटलेली. एकच गाडी आत: दत्तप्रसादची. दोरी पुन्हा बांधली. गाडीच्या काचेवर कागद लावला: ‘भिंत झुकते आहे. आकडे फलकावर. गाडी आपली आहे.’

४ एप्रिल

सकाळी साडेदहा. मी आणि दुर्गाबाई पोहे खात होतो. उल्काने लावलेल्या सेन्सरचा फोनवर इशारा आला. पाठोपाठ दुसरा. गॅलरीत पोचेपर्यंत आवाज आला: स्फोट नाही, एक लांब, जड घसरण, ट्रक खडी ओतताना होते तशी. मग धूळ.

मी ओरडत जिना उतरले. पूर्वेच्या लोकांना बाहेर काढलं, दिगंबररावांना धरून, एका बाईला कुकर गॅसवर तसाच सोडायला लावून. धूळ खाली बसल्यावर दिसलं. कुंपणभिंतीचे पंचवीस-तीस फूट खड्ड्यात. त्याच्याबरोबर दुर्गाबाईंची खोली, पत्र्यासकट. आणि दत्तप्रसादची गाडी, नाक खाली करून, अर्धी काठावर, अर्धी अधांतरी.

पलीकडून इंद्रजीत धावत आला. चेहरा पांढराफटक. “खाली कोणी नव्हतं,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “नाश्त्याला वर आले होते सगळे. खाली कोणी नव्हतं.”

“पंप बंद कर,” मी म्हटलं.

“मॅडम, सरांना विचारून—”

“ते तीस फुटांचं भगदाड बघ. बंद कर.”

त्याने बंद केले. दोन महिन्यांत पहिल्यांदा शांतता ऐकली. त्या शांततेत दुर्गाबाई काठापासून लांब उभ्या राहून आपल्या खोलीकडे, म्हणजे खोली होती तिकडे, बघत होत्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी माझा हात धरला नाही. बाजूलाही झाल्या नाहीत. “आंघोळीचं पातेलं राहिलं आत,” एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं होतं, खरी ठरल्यावर बरं वाटेल. भयंकर राग आला होता. सगळ्यांचा. त्यात पाच आठवडे चुकत राहिलेली मीही.

दुपारी खांब मोजले. पूर्वेचा एक कोपरा एका दिवसात दोन मिलिमीटर खाली. उभा आहे. महापालिकेचा इंजिनिअर सोमवारची वाट न बघता संध्याकाळीच आला. काम थांबवण्याची नोटीस लागली. पूर्वेची दहा घरं रिकामी केली.

१५ एप्रिल

महापालिकेत सुनावणी. बिल्डरचे वकील सुरुवातीलाच म्हणाले, “भिंत सोसायटीची, जुनी आणि कच्ची होती. आणि या बाईंनी स्वतः महिनाभर ‘बदल नाही’ असं जाहीर केलं होतं. इतकंच नाही, गैरसोयीचे आकडे लपवले होते. अशा व्यक्तीच्या मोजणीवर कसा विश्वास ठेवायचा?”

अधिकारीबाईंनी माझ्याकडे बघितलं. “हे खरं आहे?”

“खरं आहे. १ मार्चला लपवले. तारीख मीच अर्जात दिली आहे, वकिलांना शोधावी लागली नाही.”

“मग आम्ही तुमच्यावर विश्वास का ठेवावा?”

“ठेवू नका,” मी म्हटलं. “खूण खडकात आहे, दुसरी शाळेच्या जोत्यात आहे, बोल्ट खांबांत आहेत. तुमचा माणूस पाठवा, त्यांचाही पाठवा. माझं तोंडही न बघता मोजा. माझ्यावर विश्वास ठेवावा लागेल अशी पद्धत मी आता वापरत नाही.”

मग त्यांनी इंद्रजीतला विचारलं, खड्ड्यातली पाण्याची पातळी किती उतरवली होती. वकील मध्ये काहीतरी म्हणाले. इंद्रजीतने त्यांच्याकडे बघितलं नाही. “मंजूर नकाशात साडेतीन मीटर होती. आम्ही सहापेक्षा जास्त उतरवली. काम लवकर व्हावं म्हणून. नोंदवही माझ्याकडे आहे.” त्याने नोंदवही टेबलावर ठेवली. त्याची नोकरी बहुतेक जाईल. मी त्याला जाताना विचारलं, पुढे काय करणार. “बघू मॅडम,” म्हणाला.

आदेश: खड्ड्याची आमच्याकडची बाजू भरून घ्यायची, टेकू द्यायचे, पाण्याचा उपसा बंद. ‘तक्रार नाही’ हे पत्र विचारात घेतलं जाणार नाही. दुर्गाबाईंना खोली बांधून द्यायची. ही शेवटची ओळ आदेशात नव्हती. मी तिथेच बसून राहिले, तेव्हा आली.

१९ एप्रिल

दत्तप्रसाद स्वतः वर आला. ज्याच्याशी व्यवहार चालला होता त्याला त्याने सगळं सांगितलंय, पत्रकाचे फोटोही पाठवलेत. तो माणूस अर्थातच नाही म्हणाला.

“न सांगता चाललं असतं ना रे,” मी म्हटलं.

“काकू, त्याला दोन लहान मुली आहेत,” तो म्हणाला, आणि चहा न पिता गेला. मी आजवर त्याच्याबद्दल या वहीत जे लिहिलं ते खोडणार नाही. पण हे खाली लिहिते.

२४ एप्रिल

बिल्डरच्या कार्यालयातून छापील कागदावर पत्र आलं. त्यांनी एक एजन्सी नेमली आहे. इमारतीवर बारा सेन्सर बसतील, दर तासाला आपोआप आकडे येतील, ते संकेतस्थळावर दिसतील. तेव्हा ‘दोन वेगवेगळ्या मोजमापांमुळे रहिवाशांत संभ्रम निर्माण होऊ नये यासाठी’ सोसायटीने स्वतःची मोजणी थांबवावी, ही नम्र विनंती.

सेन्सर चांगले असतात. उल्काने लावलेल्या त्या एकाचाच इशारा भिंत पडायच्या आधी आला. तिलाच फोन करून विचारलं, यांचे सेन्सर कोणत्या खुणेशी ताडून बघणार आहेत? तिने चौकशी केली. खड्ड्याच्या काठावरच्या साइट ऑफिसच्या भिंतीशी.

दुर्गाबाई समोर बसून वहीत आकडे उतरवत होत्या. “काय लिहिलंय?” म्हणाल्या. वाचून दाखवलं. त्या हसल्या. असं हसताना त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं.

पूर्वेची रांग अजून थांबलेली नाही. गेल्या आठवड्यात ०.३. पूर्वेची दहा घरं अजून नातेवाइकांकडे आहेत, दिगंबरराव माझ्या बाहेरच्या खोलीत आहेत आणि वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनाने धरतात. कधी थांबेल, लोक विचारतात. मी सांगते, माहीत नाही. पूर्वी हे दोन शब्द माझ्या तोंडून निघायचे नाहीत.

पत्राला उत्तर लिहिलं. खाली आम्ही दोघींनी सह्या केल्या. आधी दुर्गाबाईंनी, सावकाश, आडनावासकट.

‘महोदय, आपले सेन्सर अवश्य बसवावेत. आमची मोजणी दर शनिवारी सकाळी सातला असते आणि सुरूच राहील. खात्री करून घ्यायची असल्यास स्वतः यावे. येताना पाणी आणि टोपी आणावी, चालणं बरंच आहे.’